काळ्याची चाल

खेडपर्यंत दोघींना एसटीत उभ्यानंच यावं लागलं. तिथं सीट रिकामी झाली तशी वेदिका खिडकीशी घुसली. पायांखाली कुणाची तरी नारळांची गोणी आली, ती तिनं येऊ दिली. मांडीवर दोघींची दप्तरं घेतली आणि मोबाईल काढला. भाविका शेजारी बसली आणि बसल्या बसल्या तिनं डोळे मिटले.

"झोपू नको गो. आधी आपला डाव फोरमवर टाकते. तू चाली वाच."

"सकाळपासून त्याच बघतेय," भाविका म्हणाली. पण तिनं कागद घेतला आणि जांभया देत एकेक चाल वाचून दाखवली.

दापोलीतल्या बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेचा शेवटचा डाव होता तो. दोघी एका शाळेच्या, एका बाकावरच्या आणि नेमक्या शेवटच्या फेरीत समोरासमोर. जिंकेल ती राज्य स्पर्धेला नागपूरला जाणार होती. वेदिका जिंकली. आजवर तिला भाविकाला एकदाही हरवता आलं नव्हतं. आज हरवलं, आणि सर सोडले तर ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. हे काही बरोबर नव्हतं.

'चौसष्ट घरं' नावाच्या त्या फोरमवर दोघी गेली दोन वर्षं डाव आणि कोडी टाकत होत्या. वेदिकानं वर लिहिलं, 'शेवटी हरवलं तिला', आणि पाठवून दिलं.

घाटात रेंज गेली. पुढच्या सीटवर सरांची मान डुलत होती. गाडीत डिझेलचा, घामाचा आणि थंड झालेल्या वडापावचा वास भरून राहिला होता. वेदिका सारखी स्क्रीन खाली ओढून बघत होती. चिपळूणच्या स्टँडवर सगळी उत्तरं एकदम आली.

आधी अभिनंदनं. मग 'उंटावरचा शहाणा', जो प्रत्येकाच्या डावाला काही ना काही नाव ठेवायचा. त्यानं लिहिलं होतं, 'डाव छान. पण काळ्यानं घोडा मागे का नेला? राजा कोपऱ्यात होता. वजीर त्याच्या शेजारी नेऊन द्यायचा, हत्तीला तो खावाच लागतो, मग घोड्यानं मात. राजा आपल्याच हत्तीत नि प्याद्यांत कोंडून मेला असता.'

त्याच्याखाली आणखी एकानं लिहिलं होतं, 'हे तर भाविकाचंच कोडं. गणपतीत टाकलं होतं तिनं. आमची आख्खी संध्याकाळ खाल्लीन.'

काळी मोहरी भाविकाची होती.

वेदिकानं मोबाईलवर पट मांडून बघितला. शहाण्याचं बरोबर होतं. मग तिला हॉलमधला तो हात आठवला. भाविकाचा हात वजिरापर्यंत आला होता. बोटं वर तशीच थांबली होती. मग ती शेजारच्या घोड्याकडे गेली. वेदिकाला तेव्हा वाटलं होतं, घाबरली ही.

"तुला दिसलं होतं," ती म्हणाली.

भाविकानं डोळे उघडले नाहीत. "काय?"

"वजीर द्यायचा ते. तुझंच कोडं आणि तुला दिसणार नाही?"

"दमले होते."

"मुद्दाम हरलीस. माझ्यावर दया करायला."

"तुझ्यावर कोण दया करतंय? दोन तास समोर बसून नाक ओढत होतीस."

वेदिकाला हसू आलं नाही. गाडी स्टँडबाहेर पडली, खड्ड्यात आदळली, सरांची मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली.

"तुझी आई पाठवणार नाही म्हणून ना? मग मला सांगायचंस. सर घरी आले असते. आम्ही सगळे आलो असतो तिला सांगायला. आई हो म्हणाली असती."

"हो म्हणालीच असती," भाविका म्हणाली.

"मग?"

"तिच्या कंबरेला पट्टा आहे. मासळीची टोपली मीच नेते बाजारात, मग शाळेत येते. मी नागपूरला गेले असते तर तिनंच उचलली असती. नको म्हणून एकदासुद्धा म्हणाली नसती."

वेदिकानं पुन्हा फोरम उघडला.

"मी ती पोस्ट काढून टाकते," वेदिका म्हणाली.

"राहू दे. बरा झालाय डाव. तुझा उंट मस्त होता."

"त्या शहाण्याला काय लिहू?"

"लिही, काळ्याला झोप आली होती." असं म्हणून भाविकानं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि खरोखरच झोपली.

वेदिकानं शहाण्याला उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग ते सोडून ती वर आपल्या पोस्टकडे गेली. 'शेवटी हरवलं तिला' हे शब्द खोडले. घोडा मागे जाण्याआधीचा पट तिथं लावला आणि त्यावर एवढंच लिहिलं, 'काळ्याची चाल.' रेंज नव्हती. मोबाईलवर बारीक चक्र फिरत राहिलं.

संगमेश्वरला गाडी पुन्हा भरली. खांद्याला पिशवी लावलेली एक बाई दांड्याला धरून त्यांच्या सीटपाशी येऊन उभी राहिली. तिचा एक हात कंबरेवर होता.

"जरा सरकतेस काय गो पोरी? कडेला टेकते नुसती."

वेदिकानं बघितलं. एका अंगाला खिडकीचा पत्रा, मांडीवर दोन दप्तरं, पायांखाली गोणी. खांद्यावर भाविका.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "मला हलता येत नाहीये."