सोबतीला बाबा

मुलींनी रानात राहून रान शिकावं म्हणून शाळेनं एका रात्रीचा मुक्काम ठरवला. सोबतीला एका मुलीचे बाबा हौसेनं आले. नवे कोरे बूट, गळ्यात दुर्बीण आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "जनावराला घाबरायचं नसतं, पोरींनो. नजरेला नजर द्यायची!" बाई एकीकडे तंबू ठोकत होत्या. त्यांची लेक बाबांकडे कौतुकानं बघत होती.

दिवस मावळताना झुडपं हलली आणि रानडुक्कर बाहेर आलं. बाबा सगळ्यांच्या आधी शाळेच्या बसमध्ये शिरले आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. ती मागोमाग धावली. "बाबा, दार उघडा ना!" ती थापा मारत राहिली. काचेआड बाबांनी तिच्याकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि कडी आणखी घट्ट धरली. शेवटी बाईंनीच तिला दंडाला धरून मागे ओढलं, सगळ्या पोरींना पाठीशी घातलं आणि जेवणाचं ताट बडवत त्या पुढे सरकल्या. डुक्कर आल्या वाटेनं पळालं.

दुसऱ्या दिवशी घरी बाबांच्या गोष्टीत ते डुक्कर म्हशीएवढं झालं होतं आणि ताट बाबांच्या हातात होतं.

आई लेकीला म्हणाली, "हे बरोबर होते, म्हणून माझ्या जिवाला घोर नव्हता. तुला भीती नाही ना वाटली गं?"

बाबांचा घास हातातच राहिला.

"नाही," त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती म्हणाली, "बाई होत्या ना."