पिवळी ओळ

स्क्रीनवरची ती ओळ फिकट पिवळी होती. त्या ओळीने काही अडत नसे, म्हणून ती कोणी वाचतही नसे: 'ही सोय प्लॅटफॉर्मच्या पुढच्या आवृत्तीत बंद होईल.' ऑफिसात तिने एकटीने ती वाचली आणि त्या प्लॅटफॉर्मवर चालणारी आपली सगळी ॲप्स वेळेत बदलून घेतली. शेजारच्या टेबलावर नवरा बसायचा, त्यालाही सांगितलं.

"बघू गं, कुठे पळून चाललंय!" तो म्हणाला.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी त्याची ॲप्स धडाधड बंद पडली. दिवसभर आरडाओरडा, धावपळ करून त्याने ती पुन्हा उभी केली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, त्याला टीमचा प्रमुख केलं आणि तिच्याकडे वळून हसले. "तुमचं बरं आहे मॅडम, तुमच्याकडे कधी काही बिघडतच नाही!"

घरी जाताना गाडीत नवरा शीळ घालत होता. "साहेब बोलले ते खरंय हं. आपल्या घरातही बघ, कसली म्हणून कटकट नाही."

"आपल्या दोघांबद्दल मी कितीदा बोलले. तू दर वेळी 'बघू' म्हणालास." ती समोरच्या रस्त्याकडेच बघत होती. "मी जागा घेतली आहे. एक तारखेपासून वेगळी राहणार आहे."