तीनशे फुटांवरचं वळण

"साडेतीनशे," सून म्हणाली, आणि इंजिन बंद पडलं.

कॅप्टननी डावीकडे वळायला घेतलं. पडद्यावरचं क्षितिज तिरकं झालं. धावपट्टीचं टोक कोपऱ्यात दिसलं आणि गेलं. मग नेहमीची झाडं वर आली आणि पडदा लाल झाला. सुनेनं वहीत रेघ मारली. एकशे चौदावी.

"परत," कॅप्टन म्हणाले.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा याच उंचीवर, असाच वळला होता. टपालाच्या पिशव्या नेणारं एका इंजिनाचं छोटं विमान. चौकशी अहवालानं दोन ओळींत निकाल लावला. समोर कापणी झालेलं मोकळं शेत होतं, तिथं सरळ उतरायला हवं होतं. इतक्या कमी उंचीवरून मागे वळणं ही वैमानिकाची चूक. अहवालात मुलाचं टॉवरशी झालेलं शेवटचं बोलणंही होतं. 'मागे वळतोय. साडेतीनशे फूट आहेत, पुरतात.' एवढे पुरतात हे त्याला कुणी सांगितलं, याचा उलगडा चौकशीत झाला नव्हता. हरकत घ्यायची मुदत सोमवारी संपत होती. नातीला नुकतं वाचता यायला लागलं होतं. 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द तिनं कधीही वाचू नयेत, एवढंच सुनेला हवं होतं.

म्हणून, तेवढ्या उंचीवरून वळता येतं हे दाखवायला, मागच्या खोलीत हा संसार उभा राहिला होता. सुरुवातीला नुसता कॉम्प्युटर होता आणि दुकानातून आणलेला विमान उडवायचा खेळ. विमान पडलं की कॅप्टन म्हणायचे, यातलं विमानच खोटं आहे. सुनेनं हुबेहूब त्याच विमानाचं ॲड-ऑन, म्हणजे खेळात वरून भरायचा जादा भाग, घातलं. पडलं. मग म्हणाले, वारा खोटा आहे. तिनं मागच्या कुठल्याही तारखेचं हवामान आणून देणारं ॲड-ऑन घातलं. पडलं. मग जमीन खोटी निघाली, मग पायाखालची पेडल हलकी निघाली. शेवटी तिनं ठरवलेल्या उंचीला इंजिन बंद पाडणारं ॲड-ऑन शोधून काढलं. दर वेळी सगळं आणखी खरं झालं, आणि दर वेळी विमान त्याच झाडांत गेलं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाला म्हणता आलं असतं. कॅप्टनना कोण म्हणणार? त्यांनी हे वळण खरोखर घेतलं होतं. तरुणपणी, जुन्या विमानात, तीनशे फुटांवर इंजिन बंद पडल्यावर. ती गोष्ट घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला, आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर व्हायची. मुलाला ती लहानपणापासून तोंडपाठ. कॅप्टन "आणि उंची किती?" म्हणून थांबले, की तो तोंडातला घास तसाच ठेवून ओरडायचा, "तीनशे फूट!" सगळे हसायचे. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनंही ती ऐकली होती.

आज कॅप्टन "परत" म्हणाले तरी सुनेनं तेच उड्डाण पुन्हा लावलं नाही. तिनं कीबोर्ड पुढे ओढला.

"बाबा, आज दुसरं करू. मी तुमचं विमान घातलंय."

"माझं?"

"जुनं. त्याचंही ॲड-ऑन मिळालं. तारीख आणि मैदान तुमच्या जुन्या नोंदवहीतून घेतलं, त्या सकाळचा वाराही आणला. तुम्ही वळलात ते रेकॉर्ड करू आणि हरकतीसोबत लावू. तीनशेवरून वळता येतं हे एकदा दिसलं, की त्याला कोण चूक म्हणेल?"

कॅप्टननी पडद्याकडे बघितलं. ओरखडे पडलेली समोरची काच, उजवीकडे कललेली वेगाची सुई, सगळं जिथल्या तिथे होतं. मुलगा गेल्यापासून सुनेच्या चेहऱ्यावर त्यांनी एवढी आशा पाहिली नव्हती. त्यांना ती बघवेना.

"राहू दे," ते म्हणाले. "या विमानाचं काय एवढं."

"एकदाच."

त्यांनी उड्डाण केलं. तिनं "तीनशे" म्हटलं, इंजिन थांबलं, ते वळले, आणि जुनं विमान मैदानाच्या कुंपणाबाहेर आपटलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कुंपणही दिसलं नाही.

"ॲड-ऑन बरोबर नाही," कॅप्टन पुटपुटले.

सून चिडली नाही. तिचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि तोच आता त्यांना सोसवत नव्हता.

"तुमच्या हातून एकदा झालंय, म्हणजे होतं," ती म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचं भरलंय. काय चुकलंय तेवढं सांगा, बाबा. सोमवारच्या आत दुरुस्त करते."

दारापलीकडे नात कसलं तरी पुस्तक मोठ्यानं, अक्षर लावत वाचत होती. कॅप्टननी ते ऐकलं. मग त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेतला, एका बोटानं काहीतरी पुसलं आणि नवीन टाकलं.

विमान उडालं. सुनेनं तीनशे म्हटलं, इंजिन चालूच राहिलं. तिनं पाचशे म्हटलं. सातशे म्हटलं. मग ती बोलायची थांबली. नऊशेवर इंजिन बंद पडलं. कॅप्टन शांतपणे वळले. धावपट्टी समोर आली, पुरेशी लांब, पुरेशी रुंद, आणि चाकं मधल्या पट्ट्यावर अलगद टेकली.

सुनेनं पेन उचललं होतं. ते तसंच हातात राहिलं.

"बाबा, आकडा चुकून पडला."

"नाही," कॅप्टन म्हणाले. त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "माझ्या वेळी उंची नऊशेच होती. सांगताना दर वर्षी थोडी कमी होत गेली. तो ऐकायला लागला तेव्हा तीनशेवर आली होती."