गंधारची गिटार

गंधार भांडून घर सोडून गेला आणि गिटार मागे राहिली. मुलाची आठवण म्हणून वृंदाताई तीच घेऊन हेंद्रेपाड्यातल्या क्लासला जायला लागल्या. बोटं सोलवटली, तरी पहिली कॉर्डसुद्धा जमेना.

शेवटी शिकवणाऱ्या प्राचीने गिटार हातात घेऊन पाहिली.

"काकू, तुमचं काही चुकत नाहीये. तारा उलट्या लावल्यात. ही डावखुऱ्याची गिटार आहे."

"छे गं! गंधार सगळं उजव्या हाताने करतो. लहानपणी ताटात डावा हात घालायचा, म्हणून जेवताना मी तो पाठीशी बांधून ठेवायचे. मार खाल्ला, रडला, पण सवय मोडलीच मी त्याची."

बोलता बोलता त्यांची नजर त्या उलट्या तारांवर गेली.

गिटार वाजवायला बसला, की गंधार खोलीला आतून कडी लावायचा.