नजरेच्या टप्प्यात

"आई, मला फक्त तुझ्याशी बोलायचंय," धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा तिकडे फोन भलत्याच हातात गेला. आता आत्या आली होती.

"काय रे, वाळलास की काय? आवाज किती बारीक येतोय!"

"नाही आत्या, बर्फ पडतोय इथे म्हणून असेल. मजेत आहे."

मजेत कसला! पलंगापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालून घालून त्याने फरशीचा जीव घेतला होता. नाताळचा दिवस. मॉर्मन पंथाच्या मिशनऱ्यांनी आज धर्मप्रचारासाठी कुणाची दारं ठोठावायची नव्हती, म्हणजे करायला कामच नाही. एरवी कुणी तोंडावर दार आपटलं तरी निदान वेळ जातो. त्यातून घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच. आज सांगितलं नाही, तर पुढचे कित्येक महिने तोंड दाबून बसायचं. आणि सांगायचं तरी काय, एवढंच: मला इथे राहवत नाही, मला घरी यायचंय.

पण सांगणार कसं? तिकडे घरभर माणसं. इकडे हवालदार.

हवालदार म्हणजे त्याचा जोडीदार. हे नाव धाकट्यानेच मनातल्या मनात ठेवलेलं. मिशनऱ्यांनी जोडीनेच राहायचं, एकमेकांच्या नजरेच्या आणि कानांच्या टप्प्यात, असा नियम. आणि नियम म्हटला की हा पठ्ठ्या देवाच्याही दोन पावलं पुढे. सणाच्या दिवशीही गळ्यात टाय. शर्टावर 'एल्डर' अशी पाटी. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि वय बघावं तर विशीचं! पाव आणायला कोपऱ्यावर निघालं तरी हा मागे हजर. त्याचा स्वतःचा घरचा फोन सकाळीच उरकला होता. घरच्यांना न विचारता त्याने पंथ बदलला, त्याचा त्यांना आलेला राग अजून गेला नव्हता. "आमच्याकडे या नावाचं कोणी नाही," एवढं बोलून बापाने फोन ठेवला. "चला, आटपलं," हवालदार म्हणाला आणि त्याने शर्टांच्या ढिगाला इस्त्री करायला घेतली.

"अरे, आज चर्चच्या सभेत सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं!" आता फोनवर बाबा होते. "माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!"

धाकटा येरझाऱ्या घालता घालता थांबला. मिशन अर्धवट सोडून आलेल्या मुलाच्या बापाशी लोक कसे बोलतात, ते त्याने पाहिलं होतं. हळू आवाजात, घरात आजारपण असल्यासारखे.

शेवटी एकदाची आई आली. "थांब हं," ती म्हणाली आणि मागचा गलका एकदम कमी झाला. कडी लागल्याचा आवाज आला. "बाथरूममध्ये आलेय. बोल आता. काय झालंय?"

धाकट्याने हवालदाराकडे पाहिलं. तो खाली मान घालून कॉलरवर इस्त्री दाबत होता.

"काही नाही गं. असंच."

"असंच म्हणून मी बाथरूममध्ये कोंडून घेतलंय होय?"

हवालदाराने इस्त्री बंद केली. तो गॅलरीत गेला आणि त्याने काचेचं दार मागे ओढून घेतलं. अंगात नुसता शर्ट. बाहेर बर्फ भुरभुरत होता. कठड्याला धरून, खोलीकडे पाठ करून तो उभा राहिला. दिसत होता सगळा. ऐकू मात्र त्याला काही येणार नव्हतं.

धाकटा बघतच राहिला. मग त्याचा बांध फुटला. "आई, मला घरी यायचंय. रात्र रात्र झोप लागत नाही. दिवसभर लोकांशी हसून बोलतो आणि जिना चढताना रडू येतं. वेड लागेल मला इथे."

"सणाचं म्हणून वाटतंय का असं?"

"नाही. रोज वाटतं."

"मग ये."

"आणि बाबा?"

"बाबांचं मी बघते. चार दिवस फुगतील, पाचव्या दिवशी ताटावर येऊन बसतील. पण मघापासून गप्प का होतास रे मेल्या?"

"जोडीदार होता ना इथे. आता गॅलरीत जाऊन उभा राहिलाय."

"गॅलरीत? बर्फ पडतोय म्हणालास ना आत्याला?"

"पडतोय."

"अंगात काही आहे का त्याच्या?"

"शर्ट आहे."

"अरे गाढवा, आत घे आधी त्याला! आणि फोन दे त्याच्याकडे."

धाकट्याने दार उघडलं. हवालदाराचे ओठ निळे पडले होते. "झालं?" त्याने विचारलं.

"आईला तुझ्याशी बोलायचंय."

"माझ्याशी? पण तसं चालत नाही—"

"घे रे!"

आईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काय रे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? असल्या थंडीत नुसत्या शर्टावर उभं राहायचं? छातीत कफ झाला म्हणजे कोण बघणार तुला? आता हाही नसेल तिथे!"

हवालदाराने चमकून वर पाहिलं. धाकट्याने मान खाली घातली.

"हो काकू," हवालदार म्हणाला. "चुकलंच... नाही, रागावलो नाही त्याच्यावर... हो, नीट पाठवतो... नाही, जेवलो नाही अजून."

त्यावर पलीकडून आणखी जोरात तोफ सुरू झाली. हवालदार भिंतीला पाठ टेकून खाली बसला. फोनची ठरलेली वेळ केव्हाच संपली होती. धाकट्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. हवालदाराने हात झटकून त्याला गप्प केलं, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून तो बोलणी खात राहिला.