नर्सबाईंचा सत्कार

तेरखेड्याच्या कारखान्यात फटाके करताना बशीरचे दोन्ही हात जळाले. त्याच्या जखमांतला पू मीच पुसला, घासही मीच भरवला. कुणी काडी ओढली तरी एवढा गडी थरथरायचा, म्हणून वॉर्डात मी काडेपेटी येऊच दिली नाही.

तो घरी निघाला तेव्हा त्याचे मालक कल्याणप्पा आले. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि वॉर्डाच्या दारातच फटाक्यांची माळ पेटवली! बशीर किंचाळत खाटेखाली शिरला. पू पुसताना कधी आली नव्हती, ती शिसारी मला तेव्हा आली. मी हार काढून घाण पट्ट्यांच्या बादलीत फेकला.

कल्याणप्पा हिरमुसले. "असं काय करता, नर्सबाई? बशीरच्या हातची शेवटची माळ व्हती ती. खास तुमच्यासाठी जपून ठिवली व्हती."