दोन मिनिटं उभं राहून

कला मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाच्या पुस्तकात आता एकाच फोटोची जागा रिकामी होती, आणि तो रिकामा चौकोन पुस्तक लिहिणाऱ्या उपेंद्र सरांना चार दिवस स्वस्थ बसू देत नव्हता. १९९४च्या इतिवृत्तात लिहिलं होतं, 'कंग्राळीचे भजनगायक परशरामबुवा यांच्या निधनाबद्दल सभेने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली.' शेवटी सरांनी स्कूटर काढली आणि कंग्राळीत विचारत विचारत बुवांचं घर गाठलं.

"परशरामबुवांचा एखादा जुना फोटो मिळेल का?" अंगणात रताळी निवडत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं.

"जुना कशाला? आत्ताच काढा की. मीच त्यो."

सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "मग चौऱ्याण्णव साली गेले ते?"

"त्यो आमच्या भावकीतला परशराम. का ओ?"

अडखळत अडखळत सरांनी श्रद्धांजलीच्या ठरावाचं सांगून टाकलं. म्हाताऱ्याच्या हातातलं रताळं हातातच राहिलं.



"म्हणून मंडळाचं बोलावणं बंद झालं व्हय? मला वाटलं, माझा गळाच बिघडला. तवापास्नं गायलोच न्हाय बघा."